फ्लेक्सवरचा फोटो कोणाचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील करिअरच्या संधी'. त्या विषयावर माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे या मांडवात दहा जण तरी आहेत. म्हणून मी त्यांची परवानगी घेऊन विषय बदलला. मी आज खेळाबद्दल, खेळातल्या पैशाबद्दल आणि एका फोटोबद्दल बोलणार आहे. जेवणाला उशीर होऊ देणार नाही.

फोटो आपल्या शाळेतल्या एका मुलीचा आहे. यंदा विभागीय स्पर्धेत ती धावण्यात पहिली आली आणि राज्य स्पर्धेला गेली. तिचं नाव मी घेत नाही. ती समोरच बसली आहे आणि आत्ताच तिने मान खाली घातली आहे. गावात तिच्या अभिनंदनाचे पाच फ्लेक्स लागले आहेत. एक क्लासचा, एक सराफाचा, एक दवाखान्याचा, एक मोबाईलच्या दुकानाचा आणि एक येत्या निवडणुकीला उभं राहणाऱ्या भाऊंचा. पाचही फ्लेक्सवर तिचा एकच फोटो आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून उचललेला. तो जेमतेम पाटीएवढा, आणि शुभेच्छुकांचे फोटो दरवाजाएवढे.

सकाळी मी तिला विचारलं, "तुला कोणी विचारलं होतं का गं?" म्हणाली, "नाही." "त्या क्लासला जातेस का?" "नाही मॅडम, मी घरीच अभ्यास करते." "मग तुला काय मिळालं?" ती हसून म्हणाली, "पेढे."

कोणाचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी दोघं-तिघं आपल्याच शाळेचे आहेत, आत्ता माझ्याकडे बघून हसतायत. पण प्रश्न उरतोच. पाच जणांची जाहिरात झाली. ज्या चेहऱ्यामुळे लोक थांबून फ्लेक्स वाचतात, तो चेहरा ज्या मुलीचा आहे, तिच्या पायातल्या बुटाचा तळ निघालेला आहे.

हाच प्रश्न अमेरिकेत अनेक वर्षं कोर्टात लढवला गेला. कंपनीच्या कामासाठी मी काही काळ तिकडे होते, तेव्हा मला त्याची ओळख झाली. तिथे कॉलेजचे खेळ म्हणजे प्रचंड उद्योग आहे. शनिवारी कॉलेजच्या फुटबॉल सामन्याला लाख-लाख माणूस स्टेडियममध्ये बसतं. टीव्हीचे हक्क विकले जातात, खेळाडूच्या नंबरची जर्सी दुकानात विकली जाते, प्रशिक्षकांना कोट्यवधींचा पगार असतो. खेळाडूला मिळायची फक्त शिष्यवृत्ती. त्याने बुटाच्या कंपनीकडून जाहिरातीचे पैसे घेतले, किंवा सहीचे पैसे घेतले, तर तो अपात्र. कारण नियामक संस्थेचा, म्हणजे एनसीएएचा, नियम होता की कॉलेजचा खेळाडू 'हौशी'च असला पाहिजे.

एड ओबॅनन नावाचा एक माजी बास्केटबॉलपटू होता. एका मित्राच्या मुलाने त्याला एक व्हिडिओ गेम दाखवला. गेममधला खेळाडू ओबॅननसारखाच दिसत होता, त्याच्यासारखाच डावखुरा होता आणि त्याच्याच ३१ नंबरच्या जर्सीत होता. नाव तेवढं लिहिलं नव्हतं. गेम विकला जात होता आणि ओबॅननला एक पैसाही मिळालेला नव्हता. २००९ मध्ये त्याने खटला भरला. मी सॉफ्टवेअरवाली आहे, तेव्हा मला हे पक्कं ठाऊक आहे की गेममध्ये डावा हात आपोआप येत नाही. कोणीतरी बसून तो लिहावा लागतो.

२०१४ मध्ये न्यायालयाने ओबॅननच्या बाजूने निकाल दिला. २०२१ च्या जूनमध्ये दुसऱ्या एका खटल्यात, शिक्षणाशी निगडित लाभांवरच्या मर्यादेबाबत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० मतांनी एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला. आणि १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपलं नाव, आपला फोटो आणि आपली ओळख वापरून कमाई करायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये आणखी एक तडजोड मंजूर झाली. तिच्यामुळे २०२५-२६ या वर्षात एक कॉलेज आपल्या खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट पैसे देऊ शकतं. कॉलेज फुटबॉलचा गेम मध्ये काही वर्षं बंद होता. तो २०२४ मध्ये परत आला, तेव्हा त्यात दिसायला तयार असलेल्या खेळाडूंना किमान ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली गेली. ज्यांची मुलं तिकडे शिकतायत त्यांनी एक लक्षात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी खेळाडूला ही कमाई सहज करता येत नाही, कारण त्या व्हिसावर बाहेर काम करायला बंधनं आहेत. मुलगा-मुलगी खेळात असेल तर सही करण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात विचारायला सांगा.

आता हा 'हौशी' शब्द आला कुठून, ते बघू. ऐकायला फार गोड आहे. हौस म्हणजे प्रेम, पैशासाठी नाही तर खेळासाठी खेळणं. पण १८७९ मध्ये इंग्लंडच्या हेन्ली इथल्या नौकास्पर्धेने 'हौशी'ची व्याख्या केली, तीत मजुरीवर काम करणारा कारागीर, यंत्रावरचा कामगार किंवा मजूर हौशी ठरणार नाही, असंच लिहून टाकलं होतं. म्हणजे ज्याच्या घरी खायची भ्रांत नाही, त्याचीच ती हौस. बाकीच्यांनी काठावर उभं राहून बघायचं.

अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजात जन्मलेला जिम थॉर्प १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकला. नंतर कळलं की त्याआधी सुट्टीत तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. झालं, दोन्ही पदकं काढून घेतली. त्या काळात कॉलेजची इतर मुलंही असे पैसे घेऊन खेळायची, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला, म्हणून सापडला. पदकं परत द्यायचा निर्णय १९८२ मध्ये झाला, तो वारल्यावर २९ वर्षांनी. आणि एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा लागायला २०२२ उजाडलं.

आपल्या खाशाबा जाधवांची गोष्ट याच नियमाच्या काळातली आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावकऱ्यांनी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचं घर सोडवलं. आता हेन्लीच्या चष्म्यातून बघा. बक्षिसाच्या पैशासाठी लढला म्हणजे हौशीपण गेलं! आणि आपल्या चष्म्यातून बघितलं तर, गुरूचं कर्ज फेडणाऱ्या शिष्यापेक्षा शुद्ध खेळाडू कोणता?

आपल्याकडे खेळात पैसा म्हणजे विटाळ, ही समजूत मुळात नव्हतीच. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही जत्रेतला आखाडा आठवा. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मोठ्या इनामी कुस्तीपर्यंत सगळा पैसा लाऊडस्पीकरवरून पुकारला जातो. कोणी दिला, किती दिला, कोणाला दिला, हे हजार माणसांसमोर. जिंकलेला पैलवान मैदानात फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात खुराकासाठी नोटा देतात. त्या व्यवहारात एक गोष्ट पक्की असते. पैसे पैलवानाच्या हातात पडतात.

मग आपल्याकडे अडलं कुठे? इथल्या कॉलेजच्या खेळाडूला जाहिरात करू नको असं सांगणारी एनसीएएसारखी संस्था नाही. विद्यापीठाच्या संघात जाताना वय आणि प्रवेशाचे कागद बघतात, बूट कोणी दिले ते कोणी विचारत नाही. पण आपण खेळाचं सगळं फळ दोनच ठिकाणी ठेवलं आहे, दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण. त्यामुळे घरचे खेळाकडे बघतात ते प्रमाणपत्रासाठी. प्रमाणपत्र मिळालं की खेळ संपला. आणि प्रमाणपत्रालाच एवढी किंमत आली की बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणंही आपल्या राज्यात निघाली.

नोकरी लागली तरी 'हौशी' शब्द पाठ सोडत नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत 'हौशी म्हणून' खेळायला परवानगी लागत नाही असं लिहिलं आहे. म्हणजे कमाई आली की परवानगी आली. हरियाणा सरकारने तर एप्रिल २०१८ मध्ये अधिसूचना काढली की सरकारी नोकरीतल्या खेळाडूंनी व्यावसायिक खेळातल्या आणि जाहिरातीतल्या कमाईचा एक तृतीयांश हिस्सा राज्य क्रीडा परिषदेत भरावा. जूनमध्ये ते बाहेर आल्यावर पैलवान मंडळी खवळली आणि सरकारला ती अधिसूचना थांबवावी लागली.

कबड्डीचं बघा. देशाच्या कबड्डी महासंघाच्या नावात अजून 'अमॅच्युअर' आहे, म्हणजे हौशी. पण २०१४ पासून प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१९ च्या लिलावात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. पाटी हौशी, आत बाजार. माझी त्याला हरकत नाही, पोराने कमावलं, छानच झालं. माझी हरकत वेगळी आहे. त्या बाजारात मुली कुठे आहेत? २०१६ मध्ये महिलांचे तीन संघ करून थोडे सामने झाले आणि ते तिथेच थांबलं. खो-खोचं तेच. अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये सुरू झाली, तीही पुरुषांची. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. या मांडवातल्या किती जणांनी तो सामना पाहिला?

रस्त्यावरच्या शर्यतीत थोडं बरं आहे. आपल्या परभणीची ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली, २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत. तिथे बक्षिसाची रक्कम आधीच जाहीर असते आणि ती धावणाऱ्याची असते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २००१ मध्ये आपल्या नावातला 'अमॅच्युअर' शब्द काढूनही टाकला. म्हणजे ज्या खेळात आपली ही विद्यार्थिनी आहे, त्या खेळात पैसे घेणं हा आता गुन्हा राहिलेला नाही. तिच्यापर्यंत ते पोचत नाहीत, एवढाच प्रश्न आहे. जाहिरातीची कंपनी आपल्या तालुक्यात येणार नाही. इथे तिच्या चेहऱ्याचा बाजार एकच, चौकातला फ्लेक्स.

मोठ्या खेळाडूंनी याबाबत आवाज उठवला आहे. २०२१ मध्ये टोकियोत पी. व्ही. सिंधूने कांस्यपदक जिंकलं, तेव्हा अनेक कंपन्यांनी अभिनंदनाच्या नावाखाली तिचा फोटो आणि आपलं चिन्ह एकत्र छापलं. तिचं काम बघणाऱ्या संस्थेने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. त्यांचं म्हणणं साधं होतं, अभिनंदन जरूर करा, पण अभिनंदनात दुकान लावू नका. आणि क्लासवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी तर लेखी नियमच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव, फोटो जाहिरातीत वापरायचं तर त्याची लेखी संमती हवी, तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या फॉर्मवरची सही चालत नाही.

आता आक्षेप. सकाळी चहाच्या वेळी आमचे एक सर मला म्हणाले, "अगं, लहान वयात पैसा दाखवला की पोरं बिघडतात. खेळ राहतो बाजूला, अभ्यासही राहतो." सरांची भीती खरी आहे. अमेरिकेतही आज हीच तक्रार आहे, पोरं पैशासाठी दरवर्षी कॉलेज बदलतात, मधल्या दलालांचं फावतं. आपल्याकडे दुसरी भीती आहे. एखादा भला माणूस बूट घेऊन देतो आणि मग पाच वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला पोरीला स्टेजवर उभं करतो. उपकाराची वेठबिगारीच ती.

पण सर, आज पैसा नाही असं नाही. फ्लेक्सला पैसे लागतातच, ते छापणाऱ्याला मिळतात, जाहिरात दुकानदाराला मिळते. फक्त मुलगी तेवढी 'हौशी' राहते. तिला पैशापासून दूर ठेवून आपण तिला वाचवत नाही. हिशोब उघडा ठेवून वाचवू शकतो, जत्रेतल्या लाऊडस्पीकरसारखा.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगते. पहिली, १८ वर्षांखालच्या मुलामुलीला १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार करता येत नाही. तेव्हा कोणी दहावीतल्या पोरीची सही घेऊन 'आमच्या अकादमीचा बाँड' म्हणत असेल, तर त्या सहीने ती बांधली जात नाही, हे आईवडिलांना माहीत असू द्या. दुसरी, अल्पवयीन मुलांचं उत्पन्न आयकरासाठी साधारणपणे आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात. पण मुलाने स्वतःच्या कौशल्याने कमावलेलं त्यातून वगळलं आहे. म्हणजे मुलीच्या पायातलं कौशल्य तिचं स्वतःचं आहे, हे कायदा मानतो. आपण मानायचं राहिलो आहोत.

म्हणून चार सूचना. दुपारी निधीबाबत बैठक आहे. जमलेल्या रकमेतून प्रवेशद्वाराला कमान बांधायची असं ठरतंय. कमान व्हावी, शोभेल. पण तिच्यासोबत हेही ठरवा.

एक, शाळेच्या विद्यार्थ्याचा फोटो शाळेकडून किंवा शाळेच्या ग्रुपवरून कुठल्याही जाहिरातीला जाणार नाही, विद्यार्थ्याने आणि पालकांनी कागदावर हो म्हटल्याशिवाय. त्या कागदावर फोटो कशासाठी आणि किती दिवस, हे लिहिलेलं असावं.

दोन, ज्याला अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचा त्याने खुशाल लावावा. पण फ्लेक्सला जेवढा खर्च, तेवढीच रक्कम त्या खेळाडूच्या नावाच्या बँक खात्यात भरावी, आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यात तसं छापावं. वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल जास्तच आदर वाटेल, ही हमी माझी.

तीन, माजी विद्यार्थी निधीतला ठरावीक हिस्सा दरवर्षी खेळाडूंच्या बुटांना, खुराकाला आणि स्पर्धेच्या प्रवासाला जावा. परतफेड नाही, दात्याच्या नावाचा टी-शर्ट नाही, स्टेजवर हार घालायची सक्ती नाही. खेळ सोडला तरी वसुली नाही.

चार, हा सगळा हिशोब दरवर्षी २६ जानेवारीला शाळेच्या फलकावर लागावा. निवड खेळाचे शिक्षक आणि बाहेरचा एक प्रशिक्षक मिळून करतील. आपल्यातल्या कोणाचा मुलगा, कोणाची पुतणी, हे तिथे चालणार नाही.

मुलींच्या पालकांना एक सांगते. आमच्या वर्गात वेगाने पळणाऱ्या दोन मुली होत्या. दोघींचं पळणं दहावीनंतर थांबलं. कोणी मनाई केली नव्हती. एसटीचं भाडं, बूट आणि 'याचा पुढे उपयोग काय' या प्रश्नाचं उत्तर, या तीन गोष्टी घरात नव्हत्या. पहिल्या दोन गोष्टींना फार मोठी रक्कम लागत नाही. त्या आपण भागवल्या, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुली स्वतः पळून देतील.

पहिल्या वर्षासाठी माझा वाटा मी संयोजकांकडे दिला आहे, पावती 'माजी विद्यार्थी' या नावाने घेतली आहे. बैठक तीन वाजता आहे. फ्लेक्स लावलेल्या मित्रांनी कृपया पुढच्या रांगेत बसावं, तुमच्यापासूनच सुरुवात करू.